मुलाखतीतले घरचे प्रश्न

१९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून निघालेली काही मुलं संध्याकाळी मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर भारी टोप्या, नेसायला रेशीमकाठी धोतरं. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला मुलं चालली होती. न्यायला कुणीच आलं नव्हतं. बाकीचे उतारू पांगले तसा स्टेशनमास्तर जवळ आला. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणाघरची मुलं वाटली होती. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्याने विचारलं, तुम्ही कोण? नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने जराही विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला. तो आपल्या खोलीत निघून गेला आणि मुलं फलाटावर तशीच उभी राहिली. पुढे बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या बोलीवर. वाटेत नाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा आपण मुसलमान आहोत असं सांगा, असा सल्ला मिळाला. तसं सांगितलं, तरी पाणी मिळालंच नाही. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात शिकणारा तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे.

नोकरीच्या मुलाखतीवरच्या प्रकरणात हा प्रसंग आधी सांगायचं कारण असं, की त्या एका संध्याकाळी खरं उत्तरही देऊन झालं आणि खोटंही. दोन्हींचा उपयोग झाला नाही, कारण खोट उत्तरात नव्हतीच. आज मुलाखतीच्या तयारीची पुस्तकं, क्लास, व्हिडिओ सगळे उमेदवाराला उत्तरं शिकवतात: बसावं कसं, बोलावं कसं, हसावं किती. समोरून आलेला प्रश्न विचारण्याजोगा होता का, हे फार थोडे जण सांगतात. मला वाटतं, सुरुवात तिथूनच करायला हवी. प्रश्न विचारण्याजोगा नव्हता हे एकदा ओळखलं, की उत्तर देताना माणसाचा आवाज आपोआप स्थिर होतो.

सातारा-सांगलीकडे हे ओळखणं अवघड आहे. इथे अनोळखी माणसाशी बोलणं सुरूच होतं ते ‘कुठलं गाव?’ इथून. मग ‘कुणाचे तुम्ही?’, ‘मामा कुठले?’, ‘पाहुणे कोण?’ एसटीत शेजारी बसलेला माणूस हे विचारतो, लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावरही विचारतात. त्यात आपुलकी असते. दोन-तीन प्रश्नांत कुठलं तरी नातं निघतं आणि मग चहा होतो. पण एसटीतल्या माणसाच्या हातात आपली नोकरी नसते. तो विचारतो तसं आपणही त्याला उलट विचारू शकतो. टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांना ‘तुमचे पाहुणे कुठले?’ असं कोण विचारणार? शब्द तेच, सूरही तोच, पण एकालाच विचारण्याचा हक्क आणि दुसऱ्याला फक्त सांगण्याची सक्ती असली, की आपुलकीचा प्रश्न चौकशीचा होतो. अनेकदा विचारणाऱ्याच्याही हे ध्यानात येत नाही. तो वाईट माणूस असतोच असं नाही. तो पंगतीतली सवय कचेरीत घेऊन आलेला असतो.

आडनावाचंच घ्या. सांगली जिल्ह्यात नुसत्या ‘पाटील’वरून काही कळत नाही. पाटील मराठा असतात, जैन असतात, लिंगायत असतात. जाधव, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावं तर कितीतरी जातींत आहेत. म्हणून पुढचा प्रश्न येतो, ‘पाटील म्हणजे कुठले?’ गावाचं नाव सांगितलं तर ‘तसं नव्हे, मूळचे कुठले?’ आणि तरीही जमलं नाही तर सरळ ‘कोणत्यातले?’ खराद चालवायचं किंवा हिशेब लिहायचं काम करणाऱ्या माणसाची जात कळल्याने कामात कोणता फरक पडतो, याचं उत्तर कुणाकडेही नसतं. पण निवडीत फरक पडतो, याचा पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नाव वेगळं: कुठे सवर्ण हिंदू, कुठे दलित, कुठे मुस्लीम. हा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सवर्ण नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला दोन-तृतीयांशाच्या आसपास निघालं आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांशाच्या. मुलाखत व्हायच्या आधीच, नुसत्या कागदावर.

त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा दुसरा अभ्यास आला. दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी ते बोलले. जात आम्ही पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असं ते व्यवस्थापक सांगत होते, आणि ‘घरची पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतो, असंही सांगत होते. वडील काय करतात, शिक्षण किती, वाढलात कुठे. चांगल्या घरचा माणूस टिकतो, त्याला वळण असतं, ही त्यांची मनापासूनची समजूत होती. आपल्याकडे ‘घरंदाज’, ‘खानदानी’ हे शब्द याच कामाला येतात. ज्याचे वडील ऊसतोड करतात किंवा दुसऱ्याच्या बागेत मजुरी करतात, त्याने ‘वडील काय करतात?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला उत्तर देताना किती वजन उचललेलं असतं, हे विचारणाऱ्याला कळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. त्याच साताऱ्यात आज पदवी हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला पहिल्याच मुलाखतीत घराणं विचारलं जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा काय म्हणतो? सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करायला संविधानाच्या कलम १६ (२) ने मनाई आहे. खासगी कारखान्याला हे कलम थेट लागू होत नाही, आणि खासगी भरतीत जातीवरून भेदभाव करू नये असं सरसकट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ही मोठी उणीव आहे. लिंगभेदाचं तसं नाही. भरती करताना स्त्री म्हणून डावलू नये हे १९७६ च्या समान मोबदला कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. फक्त बारकावा असा, की ‘लग्न कधी?’ हा प्रश्न विचारणंच गुन्हा आहे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. त्या उत्तरावरून डावललं, तर ते बेकायदा. आणि कशावरून डावललं हे सिद्ध करायचं ओझं उमेदवार बाईवर येतं.

लग्नाचे प्रश्न मुलींना किती आणि कसे विचारले जातात, हे सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजपासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत कुठल्याही मुलीला विचारावं. लग्न ठरलंय का? ठरलं तर मुलगा कुठला? पुण्याला जाणार का? लग्न झालं असेल तर: मिस्टर काय करतात, सासरचे पाठवतील का, लहान बाळ आहे का, बाळाला कोण बघतं, आणि सगळ्यात शेवटी, थोडं थांबून, ‘पुढचा काही विचार?’ मुलांना यातलं काहीही विचारलं जात नाही. झालंच तर लग्न झालेला मुलगा ‘सेटल’ समजला जातो आणि त्याला गुण मिळतात.

या प्रश्नांचा परिणाम कुठवर जातो, ते एका खटल्यात नीट दिसतं. आयुर्विमा महामंडळाने १९८९ मध्ये नीरा माथुर यांना दिल्लीत नोकरी दिली. नोकरीआधी त्यांच्याकडून एक जाहीरनामा भरून घेतला होता. त्यात विवाहित स्त्रियांसाठी रकाने होते: पाळी नियमित आणि बिनत्रासाची येते का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, आजवर किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणं पूर्ण दिवसांची झाली, गर्भपात झाला होता का. डॉक्टरी तपासणीत त्या नोकरीला योग्य ठरल्या. मग रजेवर गेल्या, १९९० च्या जानेवारीत बाळंत झाल्या आणि परिविक्षा काळातच त्यांना काढून टाकण्यात आलं. महामंडळाचं म्हणणं, त्यांनी पाळीची तारीख खोटी लिहिली, गरोदरपण लपवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निकाल देताना उत्तराऐवजी प्रश्नाकडे पाहिलं. असले रकाने लाज आणणारे आहेत, स्त्रीचा आत्मसन्मान तिला ही माहिती उघड करू देणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ते रकाने महामंडळाने काढून टाकावेत असं सांगितलं आणि नीरा माथुर यांची नोकरी राखली. या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा निकाल, असं मी मानते. खोटं उत्तर दिल्याचा आरोप उमेदवारावर होता आणि सुधारायला सांगितलं प्रश्न विचारणाऱ्याला.

त्याआधी दहा वर्षं, १९८१ मध्ये, त्या वेळी मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या नर्गेश मिर्झा खटल्यात पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला होता. मात्र पहिली चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट तेव्हा ग्राह्य धरली गेली. बदल असा तुकड्यातुकड्याने होत आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं ते तर २४ ऑगस्ट २०१७ ला.

ज्या कामाला ना अर्ज असतो ना मुलाखत, तिथे तर प्रश्न तोंडाने विचारावाही लागत नाही. दर हंगामात बीडकडून कोयते आपल्या कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि एक दिवस काम बुडालं की खाडा कापतो. पाळीच्या त्रासाने बाई फडात आली नाही तरी खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये केली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कामावर ठेवणाऱ्याच्या मनात असलेला प्रश्न बायकांनी स्वतःच्या शरीराने आधीच सोडवून टाकला होता. कचेरीतल्या मुलाखतीचं आणि फडातल्या कामाचं हे दुखणं एकच आहे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे.

आजाराच्या प्रश्नांचा सांगलीशी जुना संबंध आहे. १९९२ मध्ये सांगलीत संग्राम संस्थेचं एचआयव्हीविरोधी काम मीना सेषू यांनी सुरू केलं, त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एचआयव्हीबाधित माणसाचं नाव गावात फुटलं की काय होतं, हे या भागाने तेव्हा जवळून पाहिलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. एचआयव्ही आहे म्हणून सार्वजनिक उपक्रमाने त्याला कामावरून दूर केलं होतं. माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर निव्वळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याचं आणि कंपनीचंही नाव निकालात नाही. नुसती अक्षरं आहेत, कारण नाव उघड करायला लावलं असतं तर न्याय मागणंच अशक्य झालं असतं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने नोकरीची अट म्हणून ही चाचणी करायला मनाई केली आहे. नोकरी देताना ‘एक रक्ततपासणी करून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर कुठली, हे लेखी विचारावं.

एवढं सांगितल्यावर दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचक अडचणीत येईल. काही खासगी प्रश्न कायद्यानेच विचारले जातात. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि २८ मार्च २००६ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर अपात्रता येते. तिथे मुलं किती, हा प्रश्न टाळता येत नाही. राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलावर द्यायचं. मुलाखत मंडळाने त्यावरून तोंडी टोकत राहण्याचं काहीच कारण नाही. पोलीस आणि इतर शासकीय भरतीत साक्षांकन नमुन्यात गुन्हा नोंद आहे का, असं विचारतात. गावच्या भांडणात, बांधाच्या वादात नाव आलेली कितीतरी मुलं तिथे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. हे कधीही करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलं आहे, की गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य ठेवावं, पण माहिती खरी हवी. बांधावरच्या भांडणापायी जाणारी नोकरी वाचू शकते, लपवाछपवीपायी गेलेली वाचवणं कठीण. जर्मनीत न्यायालयांनी याहून पुढचं पाऊल टाकलं आहे. गरोदर आहेस का, अशा अवैध प्रश्नाला उमेदवाराने खोटं उत्तर दिलं तरी तिच्याविरुद्ध ते वापरता येत नाही. आपल्याकडे अशी मुभा कायद्याने दिलेली नाही. म्हणून आपली वाट खोटं न बोलता न सांगण्याची.

ती वाट कशी? बहुतेक घरच्या प्रश्नांच्या पोटात एक कामाचा प्रश्न असतो. तो शोधायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. तासगाव, पलूस भागातल्या मुलाला साहेब विचारतात, ‘शेती किती? द्राक्षबाग आहे का?’ वरवर ही मालमत्तेची चौकशी आहे. पण त्यांना खरी भीती असते ती ऑक्टोबर छाटणीला आणि माल काढायच्या वेळी पोरगा दांड्या मारेल याची. तेव्हा एकरांचा आकडा सांगायची गरज नाही. ‘घरची शेती भाऊ बघतो, सर. सीझनमध्ये माझी हजेरी चुकणार नाही,’ एवढं पुरतं. अर्थात ते खरं असेल तरच. कुठलं गाव, असं विचारलं तर प्रवासाचं सांगावं: ‘विट्याहून येणार, सकाळची पहिली एसटी मिळते, सातच्या शिफ्टला यायचं असेल तर मात्र इथे खोली घेईन.’ पुन्हा ‘तसं नव्हे, कुणापैकी?’ आलं, तर शांतपणे ‘सर, त्याचा या कामाशी संबंध असेल तर सांगा, मी सांगते’. हे वाक्य उद्धट नाही. ते चढ्या आवाजात म्हटलं तरच उद्धट होतं, म्हणून ते आधी घरी मोठ्याने म्हणून पाहावं, बहिणीला समोर बसवून, दोन-चारदा.

लग्नाच्या आणि मुलांच्या प्रश्नातली भीती दोन प्रकारची असते: रजा आणि सोडून जाणं. ‘किती वर्षं राहाल असं तुम्हाला विचारायचंय का, सर? किमान दोन वर्षं इथे शिकायचं असं ठरवूनच मी अर्ज केलाय.’ किंवा ‘घरची सोय झाली आहे. सेकंड शिफ्ट मला चालेल, थर्डला गाडी लागेल.’ यात नवऱ्याचं नाव, सासूची परवानगी, पाळणा, काहीच आलं नाही, आणि समोरच्याला हवं ते उत्तर मिळालं. कधीकधी विचारणारे वयस्क असतात, बोलण्यात ‘बाळ’, ‘पोरी’ असतं. त्यांना मान देऊनच बोलावं. ‘काका’ मात्र म्हणू नये, ‘सर’च म्हणावं. नातं जोडलं की नात्यातले प्रश्न आलेच.

कुठल्या गटाचे, कुणाच्या शब्दाने आलात, हा आपल्या भागातला आणखी एक प्रश्न. सहकाराच्या आणि शिक्षणसंस्थांच्या जगात तो मुलाखतीच्या आधी दारातच विचारला जातो. त्याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ‘जाहिरात पाहून आलो’ हे खरं असेल तर तेवढंच सांगावं.

पुष्कळदा तर प्रश्न येण्याआधीच आपण सगळं देऊन बसतो. नोकरीसाठी पाठवलेल्या बायोडाटामध्ये जन्मवेळ, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, इतकंच काय रक्तगटही असतो. तो लग्नाच्या बायोडाटाचा नमुना असतो, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात साठवलेला, वर फक्त गणपतीचं चित्र काढून टाकलेलं. नाव, संपर्क, शिक्षण, अनुभव, येणारी कामं, एवढंच ठेवावं. आधार आणि पॅनच्या प्रती निवड झाल्यावर द्याव्यात, अर्जासोबत नव्हे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. जेवढी गरज तेवढीच माहिती, हे त्याचं मूळ सूत्र. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले, तर त्या मागणीला संमती दिली असली तरी ती धरली जाणार नाही, असं उदाहरण कायद्यानेच दिलं आहे.

हे सगळं म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या घरात वडिलांच्या आजारपणाचं कर्ज आहे, त्या घरातली मुलगी ‘याचा कामाशी काय संबंध?’ असं म्हणू शकेलच असं नाही. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, तर ती कमी पडली असं कुणी म्हणू नये. नकार देण्याची ताकद पाठीशी पैसा किंवा दुसरी नोकरी असली की येते. तिच्या वतीने हे बोलायचं काम कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याचं आहे. सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी यांसारख्या कॉलेजांत कंपन्या स्वतः येतात. तिथे कंपनीला आधीच लेखी कळवता येतं, की लग्न, जात, धर्म, कुटुंब यावर प्रश्न नकोत. एकट्या मुलीने म्हणायला जे अवघड, ते संस्थेने म्हणायला काहीच अवघड नाही.

प्रश्न आगाऊपणाच्या पुढे गेला, कपड्यांवर, शरीरावर, ‘एकटी राहतेस का’ यावर आला, तर तो वेगळा मामला. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. मुलाखतीला आलेली उमेदवारही तक्रार करू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी, आणि तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हाही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असणं बंधनकारक आहे. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. म्हणून खोलीतून बाहेर पडल्यावर लगेच, चहाच्या टपरीवर का होईना, बसून लिहून ठेवावं: तारीख, वेळ, कोण कोण होतं, नेमके शब्द काय.

आता थोडं टेबलापलीकडच्यांशी. कुपवाड, मिरज, पलूस, शिरवळच्या औद्योगिक वसाहतींत कितीतरी कारखाने वीस-पंचवीस माणसांचे आहेत. मालकच मुलाखत घेतो आणि त्याची काळजी खोटी नसते: बाई बाळंतपणाला गेली तर २६ आठवड्यांचा पगार मी कुठून देऊ? इथे एक माहिती अनेकांना नसते. कारखाना ईएसआयखाली असेल आणि बाईचा पगार मासिक २१,००० रुपयांच्या आत असेल, तर बाळंतपणाच्या रजेतले पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, मालक नव्हे. मालकाला लागते ती बदली माणसाची सोय. त्यासाठी ‘पाळणा लांबवणार का?’ विचारायची गरज नाही. आपल्याच कारखान्यातल्या दोघींना एकमेकींचं काम शिकवून ठेवावं लागतं. आणि अर्जाचा जो छापील नमुना वर्षानुवर्षं चालत आलाय, त्यातले धर्म, जात, पतीचा व्यवसाय, मुलांची संख्या हे रकाने आपण कधी वाचले तरी होते का, हे पाहावं. पीएफ, ईएसआयच्या नामांकनाला कुटुंबाची माहिती लागते, पण ती माणूस कामावर रुजू झाल्यावर. ते पान वेगळं करून नेमणुकीच्या पत्राला जोडलं की झालं.